एक कोटीचं कौटुंबिक संगीत नाटक पुण्यात टिकेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन भागीदार मिळून मुलं, आईवडील, आजीआजोबा अशा सगळ्यांनी एकत्र बघावं असं मोठं संगीत नाटक काढताहेत. रंगमंचावर तीस माणसं, आठ वादकांचा लाइव्ह वाद्यवृंद, दुसऱ्या अंकात उडणारा गालिचा. भांडवल एक कोटी. लंडन-न्यूयॉर्कला अशी नाटकं वर्षानुवर्षं चालतात, पुण्यात का चालू नयेत, आणि पैसे कधी परत येतील?

उत्तर आधी देतो. चालू शकतं, पण तुम्ही कागदावर मांडलंय तसं नाही. आणि अडचण एक कोटीची नाही. नाट्यव्यवस्थापक म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं तिकीटखिडकी आणि टेम्पो यांच्यामध्ये गेली. तेवढ्या काळात भांडवलापायी बंद पडलेली नाटकं मला फार थोडी आठवतात. बहुतेक बंद पडली ती प्रयोगखर्चापायी. सेट, कपडे, तालमी, ध्वनिमुद्रण हे पैसे एकदाच जातात. नाईट म्हणजे कलाकाराचं एका प्रयोगाचं मानधन, टेम्पो, जाहिरात, भाडं हे दर प्रयोगाला जातात, आणि नाटक चांगलं चाललं तर जास्त वेळा जातात. नवे निर्माते मला नेहमी भांडवलाचा आकडा सांगतात. प्रयोग केवढ्याला पडतो हे विचारलं की म्हणतात, ‘ते बघू मग.’

लंडन-न्यूयॉर्कचं आधी बाजूला काढू. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९८८ ते २०२३ चाललं, १३,९८१ प्रयोग. ‘द लायन किंग’ तिथे १९९७ पासून सुरू आहे. पण ही नाटकं एका थिएटरात मुक्कामाला असतात. सेट एकदा लागतो तो लागतो, आठवड्याला आठ प्रयोग होतात, आणि प्रेक्षक गावातला कमी, बाहेरगावाहून आलेला प्रवासी जास्त. त्यामुळे दर आठवड्याला नवा प्रेक्षक मिळतो. तरीही तिथे मोठी नाटकं आपटतात. ‘स्पायडर-मॅन’वर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च झाले होते. हजारावर प्रयोग होऊन ते जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं, गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले. सुरुवातीला लोक तुटून पडले होते, पण आठवड्याचा चालू खर्चच दहा लाख डॉलरच्या वर होता. पहिली गर्दी ओसरल्यावर गल्ला त्याच्याखाली जायला लागला. हजार प्रयोग होऊनसुद्धा बुडालं, हे लक्षात ठेवा.

आता पुणं. बालगंधर्व रंगमंदिर किंवा कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह धरा, नऊशे ते हजार खुर्च्या. पास, मान्यवरांच्या जागा, खांबाआडच्या आणि अगदी कडेच्या खुर्च्या सोडून विकण्यासारख्या नऊशे. दर ५००, ४००, ३००, सरासरी ४००. हाऊसफुल्लला ३ लाख ६० हजार. पण हाऊसफुल्लवर हिशेब मांडायचा नसतो. चांगलं चाललेलं नाटक वर्षभरात सरासरी साठ टक्के भरलं तरी मी त्याला यश म्हणतो. साठ टक्के म्हणजे २ लाख १६ हजार. त्यातून ऑनलाइन बुकिंगचं कमिशन आणि किरकोळ गळती गेली की हातात दोन लाखांच्या थोडं वर.

तुमच्या कागदावरचा प्रयोग केवढ्याला पडेल? ढोबळ आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. तीस जणांची नाईट सरासरी अडीच हजार म्हणजे ७५ हजार. त्याशिवाय दोन नावाजलेले चेहरे, मिळून ५० हजार. वादक २४ हजार. पडद्यामागची चौदा माणसं २१ हजार. वीस कॉलर माइक आणि ध्वनी २५ हजार, प्रकाश १५ हजार. दोन टेम्पो आणि बस १५ हजार. नाट्यगृह दोन सत्रांचं मिळून २५ हजार (दोन का ते पुढे सांगतो), जाहिरात ४० हजार, लेखक-दिग्दर्शक-संगीतकार-नृत्यदिग्दर्शक यांचं मानधन २० हजार, रंगभूषा, धुलाई, चहा-जेवण १५ हजार. बेरीज ३ लाख २५ हजार. नव्वद टक्के भरलं तरी पदरात काही पडत नाही. साठ टक्के भरलं तर दर प्रयोगाला लाखाच्या वर खड्डा. म्हणजे नाटक लोकांना आवडलं, तारखा वाढल्या, की तुम्ही जास्त वेगाने बुडणार.

यावर पहिली सूचना नेहमी येते ती तिकीट वाढवायची. मुंबईत नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात लोक हजारोंची तिकिटं काढून ‘द साउंड ऑफ म्युझिक’ बघून आले, त्यात पुणेकरही होते, मग आपण हजार का लावू नयेत? कारण तो घरटी वर्षातला एखादा सोहळा असतो, आणि तिथे दोन हजारांचं अद्ययावत थिएटर दिमतीला आहे. तुम्हाला त्याच माणसाला रविवारी दुपारी गाडी काढून, पार्किंग शोधून, महापालिकेच्या नाट्यगृहात आणायचंय. शिवाय जीएसटी आहे. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही. त्यावर एक रुपया गेला की पूर्ण तिकिटावर १८ टक्के. म्हणजे तुम्ही ६०० रुपये घेतलेत तर तुमच्याकडे राहतात ५०८. प्रेक्षकाने शंभर जास्त मोजले, तुम्हाला मिळाले आठ. ५०० च्या वर जायचं असेल तर थेट ७५०-८०० ला उडी घ्यावी लागते आणि त्या किमतीचा प्रेक्षक पुण्यात पहिल्या दोन-तीन रांगांपुरता असतो. आणखी एक, जे नवख्यांच्या लक्षात येत नाही: करमुक्त तिकीट विकताना सेट, कपडे, भाड्याचं सामान यांवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तो खर्चातच धरा.

घरच्या हिशेबाने बघा. कौटुंबिक नाटकाला तिकिटं सुटी खपत नाहीत, चाराच्या पटीत खपतात. चार तिकिटं सोळाशे ते दोन हजार, वर मध्यंतरातला बटाटेवडा, जो बालगंधर्वला न खाता कोणी बाहेर पडत नाही. एका मुलाला ताप आला की चारही खुर्च्या रिकाम्या. मोठ्यांच्या नाटकाला असा फटका बसत नाही.

आता गालिचा आणि सेट. इथे मी जरा रेंगाळणार, कारण तुमचं नाटक इथेच तरेल किंवा बुडेल.

आपल्याकडे नाट्यगृह दिवसाला तीन सत्रांत वाटलं जातं. साधारण साडेबाराचा प्रयोग, संध्याकाळी पाच-साडेपाचचा, रात्री साडेनऊचा. दुपारचं नाटक साडेतीनला सुटतं. त्यांचे लोक फ्लॅट (सेटच्या भिंती) सोडवतात, लेव्हल (चौथरे) उचलतात, मागच्या दाराशी त्यांचा टेम्पो लागतो, त्यामागे तुमचा उभा. विंग मोकळी व्हायला सव्वाचार वाजतात. नेहमीच्या दिवाणखान्याच्या सेटला उरलेला तास पुरतो: रंगमंच कामगारांची सरावलेली टोळी दोरी, खिळा, ब्रेस (भिंतीचा टेकू) करत सोफा मांडेपर्यंत पोचते आणि प्रेक्षक आत यायला लागतात. तुमच्या सेटला तीन मजले आहेत, सरकवायचा जिना आहे, वीस माइक तपासायचे आहेत, गालिच्याची एक तरी फेरी रिकामी मारून बघायची आहे. पाच तासांच्या आत ते होत नाही. म्हणजे साडेपाचच्या एका प्रयोगासाठी तुम्हाला दुपारचंही सत्र घ्यावं लागणार. भाडं दुप्पट, आणि मुळात एकाच दिवशी लागोपाठ दोन सत्रं मिळणं भाड्याहून अवघड. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी किती निर्माते, शाळा, संस्था, क्लासवाले रांगेत असतात ते तुम्हाला वाटपाच्या दिवशी कळेल.

म्हणून अशा नाटकाचा नियम उलटा लावावा लागतो. सेट एकदा लागला की त्या दिवशी किमान दोन प्रयोग. सकाळपासून लावा, साडेबारा आणि साडेपाच दोन्ही तुमचे. भाडं, टेम्पो, पडद्यामागच्यांचा दिवस, जाहिरातीतली जागा, सगळं दोघांत वाटलं जातं. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये नव्याने आलं, वैभव मांगले चेटकीण झाले होते. त्या नाटकाने दिवसाला अनेक प्रयोग लावून दाखवले, त्यामागे लोकप्रियता होतीच, पण मुलांच्या नाटकाचं हे गणितही होतं. दोन तासांचं नाटक, मुलं रात्री आठच्या सुमाराला घरी. तुमची संहिता आत्ता पावणेतीन तासांची आहे असं लिहिलंयत. ती दोन तासांत बसवा. दुपारी अडीचला मध्यंतर झालं आणि साडेतीनला पडदा पडला नाही तर दुसरा प्रयोग उशिरा सुरू होतो, आणि पाच-सहा वर्षांचं मूल तिसऱ्या घंटेची वाट बघत शहाण्यासारखं बसत नाही.

गालिच्याचं स्पष्ट सांगतो. तारेवर माणूस उडवायचा म्हणजे वरच्या पाइपाची ताकद तपासलेली हवी, प्रशिक्षित माणूस हवा, विमा हवा, आणि नाट्यगृहाची लेखी परवानगी हवी. कुठल्याही पालिकेचं नाट्यगृह ती सहजासहजी देणार नाही, आणि देऊही नये. आज पुण्यात मिळाली तर उद्या सांगलीत मिळेलच असं नाही. त्यापेक्षा काळ्या पडद्यापुढे काळ्या कपड्यातली चार माणसं, चाकांवरचा तरफेचा गाडा, खालून धूर, कडेने अरुंद प्रकाश. मी असा गाडा मागून पाहिलाय: दोन माणसं तरफेला लोंबकळतात, तिसरा गाडा ढकलतो, चौथा गालिच्याची झालर हलवतो, आणि पुढून तो नऊ फुटांवर तरंगतो. मुलं वर बघतात, तारा शोधतात, त्यांना सापडत नाहीत. तारेपेक्षा जास्त टाळी याला येते. आणि गाडा सुटा करून टेम्पोत बसतो.

टेम्पोत बसतो, हे मराठी निर्मात्याने सेट डिझायनरला पहिल्या बैठकीत सांगायचं वाक्य आहे. एका नाटकाची सुंदर होडी मला आठवते. पुण्यात प्रवेशालाच टाळी घ्यायची. पहिल्याच दौऱ्यात एका जिल्ह्याच्या गावी ती मागच्या दारातून आत जाईना. तिरकी केली, आडवी केली, शेवटी पुढचं टोक कापून आत घेतली आणि प्रयोगाआधी खिळे मारून काळी पट्टी चिकटवली. त्यानंतर ती होडी म्हणून कधी ओळखू आली नाही. तुम्ही आत्ताच ठरवा: सेटचा एकही तुकडा एका ठरावीक लांबी-रुंदीच्या वर जाणार नाही. आणि मोठ्या रंगमंचाचा एक आराखडा, छोट्या रंगमंचाचा दुसरा.

माणसं. तीसची सोळा करा. मला माहीत आहे, दिग्दर्शकाचा चेहरा पडेल. पण मुलांना गर्दी नको असते, बदल हवा असतो. एकच नट चार वेषांत आला तर ती ओळखण्याचा खेळ त्यांना आवडतो. पैसा कपड्यांवर, मुखवट्यांवर, बाहुल्यांवर घाला. तो एकदाच जातो आणि मुखवटा नाईट मागत नाही.

खऱ्या मुलांना घेणार असाल तर कायदा वाचून घ्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकलाकारांना काम करता येतं, पण अटींवर: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि उत्पन्नातला किमान वीस टक्के वाटा मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. दिवसाला दोन प्रयोग आणि पाच तासांची मर्यादा जुळत नाही, कारण रंगभूषेपासूनचा वेळ धरावा लागतो. म्हणजे प्रत्येक मुलाच्या भूमिकेला दोन मुलं तयार हवीत. तालमी दुप्पट होतील. शिवाय मुलं वाढतात. शुभारंभाला शिवलेला अंगरखा पुढच्या दिवाळीला मनगटाच्या वर येतो आणि आवाज फुटला की गाणंही गेलं.

वाद्यवृंदाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. संगीत नाटकाची परंपरा इथली आहे, ‘संगीत शाकुंतल’ पुण्यातच ३१ ऑक्टोबर १८८० ला रंगमंचावर आलं, आणि गाणं लाइव्हच हवं याबद्दल मी आग्रही आहे. नट ओठ हलवतोय हे मुलाला तिसऱ्या ओळीत कळतं. पण वाद्यं सगळी लाइव्ह हवीत असं नाही. चांगल्या स्टुडिओत भरपूर पैसे ओतून वाद्यमेळ मुद्रित करा, त्यावर नट प्रत्यक्ष गातील, आणि तबला-ढोलकीचा एक माणूस समोर दिसेल असा बसवा. ताल जिवंत असला की बाकीचं कान मानून घेतात. कमी माणसांत संगीत नाटक किती मोठं होऊ शकतं याचं ताजं उदाहरण ‘संगीत देवबाभळी’. २०१७ मध्ये आलं, दोनच अभिनेत्री, दोघीही प्रत्यक्ष गाणाऱ्या, आणि पाचशे प्रयोग झाले. कौटुंबिक संगीत नाटक दोन माणसांत होणार नाही हे खरं. पण पाचशेला पोचण्याची ताकद कशात असते ते दिसतं.

थाटमाटाचा मोह मात्र जुना आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीची मखमल, अत्तरं, भरजरी शालू, सगळं खरं लागायचं. प्रेक्षक वेडे होते, थिएटरं भरायची, आणि कंपनी कर्जात. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र केलेलं ‘संयुक्त मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी झालं तेव्हा शंभर रुपयांचं तिकीट लागलं होतं, त्या काळात! पण तो एका रात्रीचा सोहळा होता. रोज शंभराचं तिकीट बालगंधर्वांनाही लावता आलं नाही.

नवा हिशेब मांडू. सोळा जणांची नाईट ४० हजार, एक नावाजलेला चेहरा २५, पडद्यामागे १५, ध्वनी १५, प्रकाश १२, वाहतूक १०, नाट्यगृह दोन प्रयोगांत वाटून साडेबारा, जाहिरात तशीच वाटून २०, मानधनं २०, बाकी १०. एक लाख ऐंशी हजारांच्या आत. साठ टक्के भरलं तर दर प्रयोगाला पंचवीस हजारांच्या आसपास सुटतात. चाळीस लाख घातले असतील तर दीडशेच्या थोडं पुढे जाऊन भांडवल वसूल होतं. एक कोटी घातले असतील तर पावणेचारशे-चारशे प्रयोग लागतील. कौटुंबिक नाटकाचे वर्षाला साठ-सत्तर प्रयोग झाले तर उत्तम, असा माझा अंदाज आहे. म्हणजे एका बाबतीत अडीच वर्षं, दुसऱ्या बाबतीत सहा. सहा वर्षं तोच संच टिकत नाही. चेहरा मालिकेत जातो, कोणी अमेरिकेला जातं, आणि बदली नटांच्या तालमींचा खर्च पुन्हा तुमचाच.

साठ-सत्तरच का, तर हंगाम. मार्चमध्ये परीक्षा, त्यात काही होत नाही. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमचा काळ, मग पावसाळ्यात मंदी, १५ ऑगस्टला जोर, गणपतीत शून्य, दिवाळीची सुट्टी, नाताळ. मे महिन्यात निम्मं पुणं गावाला गेलेलं असतं, पण गावाहून नातवंडं आजीआजोबांकडे आलेलीही असतात. तिकीट कोण काढतं हे खिडकीवर उभं राहून बघा. फोन करून ‘पाचवी-सहावी रांग, कडेची खुर्ची द्या हो’ म्हणणारे आजोबाच असतात. नातू बाणेर-वाकडच्या इंग्रजी शाळेतला, आजोबा सदाशिव पेठेतले किंवा कोथरूडचे. दोघांनाही कळेल अशी गाण्यांची भाषा लिहून घ्या. सोपी पण बाळबोध नको. आणि गाणी नाटकाच्या दोन महिने आधी बाहेर काढा. स्नेहसंमेलनात एखाद्या शाळेने त्यावर नाच बसवला की पुढची जाहिरात आयाच करतात. वाकड-पिंपळे सौदागरचं कुटुंब शिवाजीनगरला येत नसेल तर चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात जा. स्वारगेटच्या गणेश कला क्रीडा मंचाकडे अडीच हजार खुर्च्यांसाठी बघू नका. भरेल एकदा, पण मागच्या मुलाला नटाचा चेहरा दिसणार नाही.

प्रायोजक मिळाले तर घ्या, मात्र शुभारंभासाठी घेऊ नका. शुभारंभ तसाही भरतो. त्यांच्याकडून शाळांचे प्रयोग करून घ्या, आठवड्याच्या मधल्या सकाळी, जेव्हा नाट्यगृह रिकामं असतं आणि कलाकारांनाही काम हवं असतं. नाशिक, कोल्हापूर, सांगली, संभाजीनगर इथले कॉन्ट्रॅक्टर ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेतात. वरच्या नव्या हिशेबातल्या सोळा माणसांना आणि एका टेम्पोला ते हो म्हणतील. तीस माणसं आणि दोन टेम्पो म्हटलं की चहा पाजून निरोप देतील. ‘जाणता राजा’सारखं हत्ती-घोड्यांचं मैदानी महानाट्य उभं राहिलं त्याचा व्यवहारच वेगळा. गावोगावी संस्था मैदान घेऊन ते आयोजित करायच्या, नाट्यगृहाच्या गल्ल्यावर ते अवलंबून नव्हतं.

तेव्हा सेटची ऑर्डर आत्ता देऊ नका. आधी दोन-तीन गावच्या कॉन्ट्रॅक्टरना फोन करून ते प्रयोगाला किती देतील ते विचारा. पुढच्या दिवाळीच्या तारखांसाठी सलग सत्रांचे अर्ज टाका. संहिता दोन तासांवर आणा आणि साध्या कपड्यांत, एका पेटी-तबल्यावर, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये तिसरी-चौथीच्या मुलांपुढे करून बघा. मुलं कुठे चुळबुळ करतात त्या पानांवर खूण करा. माझ्याकडे पाठवणार असाल तर संहितेबरोबर प्रयोगखर्चाचा तक्ताही पाठवा, नाईटची रक्कम नावानिशी लिहून.